तीनशे फूट खाली

चार हजार फुटांवर थांब म्हणून सांगितलेलं विमान सदतीसशे फुटांवर जाऊन थांबलं, आणि टॉवरकाकांच्या हातातला चहा कपातल्या कपात गार झाला.

विमान खोटं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागच्या खोलीतल्या टेबलावरच्या पडद्यावर ते हिरवा ठिपका होऊन हिंडत होतं आणि ठिपक्याशेजारी त्याची उंची आकड्यांत दिसत होती. त्यात प्रवासी नव्हते, सामान नव्हतं. पण टॉवरकाकांनी उभं आयुष्य विमानतळाच्या टॉवरमध्ये काढलं होतं. आकाशातून येणाऱ्या विमानांना ‘इतकं खाली या, तिथे थांबा, आता आणखी खाली या’ असं सांगत सांगत जमिनीवर आणायचं, हे त्यांचं काम. तिथे आपल्या शब्दाबाहेर कुणी फूटभरही गेलं नाही, असं ते सांगत. घरात त्यांच्या शब्दाबाहेर सगळेच जात, पण ती गोष्ट वेगळी. खोट्या विमानानं त्यांचा खरा शब्द मोडला, हे त्यांना फार लागलं.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी चालला होता. लेकीनं बापाचीच वाट धरली होती. प्रशिक्षण केंद्राची लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली, पण सिम्युलेटरवरच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. सिम्युलेटर म्हणजे पडद्यावरचं खोटं आकाश. तिथे चुकलं तर कुणी मरत नाही, फक्त नापास होतं. एक विमान चुकीच्या उंचीवर चाललंय हे तिला स्पष्ट दिसलं होतं, आणि ती गप्प बसली होती. “वैमानिकाला माहीत असेल ना, बाबा. मी कशाला मध्येच बोलू?” असं तिचं म्हणणं. तिनं दुसरं विमान गुपचूप बाजूला घेतलं आणि वेळ निभावून नेली. परीक्षकांनी शेरा मारला, ‘पाहते, पण बोलत नाही.’ हे कळल्यावर टॉवरकाका त्या दिवशी धड जेवले नाहीत.

आता दुसरी संधी होती आणि नियमाप्रमाणे तीच शेवटची. ती हुकली तर लेकीची तिकीट खिडकीमागची नोकरी होतीच. ती कुणी काढून घेणार नव्हतं. “पण तिथून आकाश दिसत नाही,” असं लेक एकदा भांडी आवरता आवरता म्हणाली होती. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पण ते वाक्य टॉवरकाकांच्या मनात घर करून बसलं, आणि त्यांनी मागच्या खोलीतली गाद्यांची चळत हलवून तिथे टॉवर उभारला.

केंद्रात एक पद्धत असते. पडद्यावरची विमानं आपोआप उडत नाहीत. शेजारच्या खोलीत खोटे वैमानिक बसतात. कानाला हेडफोन लावून हुकूम ऐकायचा, तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि यंत्रात टाइप करायचा, एवढंच त्यांचं उड्डाण. घरी या पदासाठी एकच उमेदवार होती, टॉवरकाकू. त्यांनी स्वयंपाकघरातून उठायला नकार दिल्यामुळे जुना लॅपटॉप ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी बसवला गेला. परीक्षेत इंग्रजी चाले, पण वैमानिकीणबाई मराठीशिवाय उडायला तयार नव्हत्या.

“पाच-दोन-एक, चार हजार फुटांवर उतरा,” लेक म्हणे.

“हो, उतरते. थांब जरा, गॅस बारीक करते.”

“अगं, विमानात गॅस नसतो!” टॉवरकाका मागच्या खोलीतून ओरडत.

“मग मीही नसते. तुम्हीच या आणि चालवा.”

यावर टॉवरकाका मूग गिळून गप्प बसत, कारण दुसरा वैमानिक नव्हता आणि जेवणही तिथूनच यायचं होतं.

विमान सदतीसशेवर थांबलं तेव्हा त्यांना पहिली शंका आली ती हवेच्या दाबाची. ती कुठल्याही टॉवरवाल्याला यायलाच हवी. विमानातलं उंचीचं यंत्र हवेचा दाब तोलून उंची सांगतं. त्यासाठी आज जमिनीवर दाब किती आहे, हे त्याला टॉवरमधून सांगावं लागतं. सांगण्यात एका आकड्याची चूक झाली, की उंची तीसेक फुटांनी फसते. सिम्युलेटरची हवा हवामान खात्याच्या आकड्यावर चाले, आणि विमानाच्या यंत्रात तोच दाब आपोआप लावायची सोयही होती. पण टॉवरकाकांनी ती सोय बंद ठेवली होती आणि आकडा ते स्वतः काकूंना टाइप करायला सांगत. घरात स्वतःचं यंत्र असताना परक्याच्या आकड्यावर विमान उतरवणं त्यांना कमीपणाचं वाटे.

ते यंत्र हॉलच्या भिंतीवर, उंच जागी होतं. पितळेचं, ताटलीएवढं, काचेआड एकच काळा काटा. टॉवरमधलंच, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी काढून दिलेलं. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की टॉवरकाका त्याच्यासमोर उभे राहत, बोटाच्या पेरानं काचेवर टकटक करत आणि मोठ्यानं आकडा जाहीर करत. स्वयंपाकघरातून काकू विचारत, “किती आहे हो आज?” ते सांगत. मग काकू म्हणत, “असं का,” आणि घराचा दिवस सुरू होई.

आताही टॉवरकाकांनी हॉलमध्ये जाऊन टकटक केली. सकाळी सांगितलेलाच आकडा होता. दाबाची शंका फिटली आणि चूक प्रोग्रॅममध्ये आहे, हे नक्की झालं.

ही बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. वर फेजकाका राहत. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचा पहिला प्रश्न ‘फेज तपासला का?’ हाच असे. ते बोलावण्याची वाट न पाहता आले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

“विमान खाली जातंय म्हणजे दाब कमी पडतोय.”

“दाब मी तपासला,” टॉवरकाका म्हणाले.

“हवेचा नव्हे हो. विजेचा!”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या घरातला एक स्टॅबिलायझर घेऊन उतरले. तो इतका जड होता की मध्ये जिन्यात दोनदा टेकवावा लागला. तो लावल्यावर विमान एकेचाळीसशेवर थांबलं.

“बघा, आलं की नाही वर?” फेजकाका विजयानं म्हणाले.

“शंभर फूट जास्त आलं.”

“जास्त आलेलं काढता येतं. कमी असलेलं कुठून आणणार?”

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा खाली गेलं, तेही अडीचशे. एखादं यंत्र रोज एकसारखं चुकलं, तर माणूस त्याच्याशी जमवून घेतो. पण हे विमान एखाद्या लहरी पाहुण्यासारखं वागत होतं. टॉवरकाकांनी नाइलाजानं सिम्युलेटर विकणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजंत्री ऐकल्यावर एका गोड आवाजाच्या बाई बोलल्या.

“आपली विमानं खाली जातात की वर जातात, सर?”

“कधी खाली, कधी वर.”

“त्यातलं एकच निवडता येईल, सर.”

“अहो, पण दोन्ही होतं!”

“मग आपल्याला दोन तक्रारी कराव्या लागतील. पण एका ग्राहकाची एका वेळी एकच तक्रार चालू राहते.”

टॉवरकाकांनी ‘खाली’ निवडलं. संध्याकाळी निरोप आला, की विमान वर गेल्याची नोंद आमच्या यंत्रणेला मिळाली असून आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती गुण द्याल? ज्या माणसाच्या एका शब्दावर सबंध विमानं आकाशात घिरट्या घालत, त्याला पाच चांदण्यांपैकी किती रंगवायच्या हे विचारलं जात होतं. त्यांनी फोन उपडा ठेवला.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. फेजकाकांनी तारा हलवताना कुठली तरी कळ दाबली गेली होती आणि इंजिनांचा आवाज चालू झाला होता. तो काही केल्या बंद होत नव्हता. तळमजल्यावरच्या एका बाईंनी लेखी तक्रार केली, की आमच्या डोक्यावरून दुपारी विमानं जातात आणि डोळ्याला डोळा लागत नाही. सेक्रेटरी फाइल काखेत धरून मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“राहत्या जागेत विमानं उतरवायची तर समितीची मंजुरी लागते.”

“ती खोटी आहेत.”

“खोट्याला तर आणखी लागते,” सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. “आणि त्या स्वयंपाकघरापर्यंतच्या वायरीसाठी भिंतीत खिळे ठोकलेत ना? ठोकाठोक फक्त शनिवारी, तीसुद्धा अर्ज देऊन. यापुढे लक्षात असू द्या.”

टॉवरकाकांनी मान खाली घातली. लेकीनं मात्र सेक्रेटरींना खुर्चीत बसवून हेडफोन दिला आणि म्हटलं, एक विमान तुम्हीच उतरवून बघा. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. ते माइकमध्ये म्हणाले, “पाच-दोन-एक क्रमांकाच्या विमानानं कृपया नोंद घ्यावी, की त्यांनी चार हजार फुटांपर्यंतच खाली यायचं आहे. हुकमावरून.” काकूंनी स्वयंपाकघरातून नोंद घेतली. विमान त्यांनाही दाद न देता खाली घसरलं. पण सेक्रेटरींना त्याचं काहीच वाटलं नाही.

“आपल्या लिफ्टचंही असंच आहे की. मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. आपण पायरी समजून चढतो.”

“मग दुरुस्त का नाही केली?”

“कशाला? सगळ्यांना सवय झालीय,” असं म्हणून सेक्रेटरींनी आणखी एक विमान मागितलं.

परीक्षा जवळ येत चालली. टॉवरकाकांनी एका जाडजूड पुस्तिकेत बघून प्रोग्रॅममध्ये स्वतःच तीनशे फुटांची भर घातली. दुसऱ्या दिवशी विमान चारशे वर. त्यांनी भर कमी केली, ते पाचशे खाली. पुन्हा वाढवली, ते सहाशे वर. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते पडद्याशी भांडू लागले, विमानांना एकेरीवर बोलू लागले. लेक मात्र दिवसेंदिवस अबोल होत गेली. हुकूम देण्याआधी ती थांबे, ओठ हलवून काहीतरी मोजे आणि मग बोले. टॉवरमध्ये असं थांबणाऱ्या माणसाकडे कुणी विमान सोपवत नाही. पण टॉवरकाका तिला काही म्हणत नसत, कारण ती का थांबते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते कळलं परीक्षेच्या दोन दिवस आधी. फेजकाका नेहमीप्रमाणे खुर्चीत बसून होते. टॉवरकाका लेकीच्या मागे उभे होते. त्यांनी चार हजारांचा हुकूम द्यायला सांगितला आणि ती म्हणाली, “पाच-दोन-एक, चार हजार तीनशेवर उतरा.”

“तीनशे कुठून आले?”

लेक खाली बघत म्हणाली, “ते खाली जातंय ना, बाबा. म्हणून मी आधीच तेवढं वर सांगते.”

“कधीपासून?”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. “म्हणजे तूसुद्धा? अगं, मी पण तीनशे जास्तच टाइप करतेय की! तुझ्या बाबांचं तोंड उतरतं ते बघवत नाही म्हणून.”

फेजकाकांनी घसा खाकरला. “आता निघालंच आहे तर सांगतो. परवा तुम्ही चहा आणायला गेलात ना, तेव्हा मी पण आत थोडंसं वाढवून ठेवलं. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

या घराची एक खोड इथे सांगायला हवी. हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असे. टॉवरकाकांना बाहेर पडायला उशीर होतो म्हणून काकूंनी ते कधीकाळी पुढे केलं होतं. ते पुढे आहे हे त्यांना कळलं, म्हणून ते मनात दहा मिनिटं वजा करू लागले. मग लेकही करू लागली. या घरात बाहेर पडताना प्रत्येक जण दाराशी उभा राहून वजाबाकी करी आणि कुणी कुणाला काही बोलत नसे. विमानांच्या बाबतीत तेच झालं होतं. सगळ्यांनी मिळून टॉवरकाकांना सांभाळून घेतलं होतं, आणि त्यात विमानांची वाट लागली होती.

टॉवरकाकांना रागवावंसं वाटलं, पण कुणावर रागवायचं ते समजेना. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “हे आमच्या कामात चालत नाही. चूक दिसली की बोलायचं. ज्याची असेल त्याच्या तोंडावर बोलायचं. गप्प राहून भरपाई करत बसलं, की खरी चूक कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. तुझी पहिली परीक्षा यातच गेली, बाळ. आणि ते तुला मीच शिकवलं की काय, असं आता वाटायला लागलंय.” मग ते उठले आणि त्यांनी सगळ्या भरी काढून टाकल्या. हॉलमधलं घड्याळही बरोबर लावलं.

त्यानंतरचं विमान स्वच्छ तीनशे फूट खाली जाऊन थांबलं. निदान आता ही चूक एकटी होती.

“राहू दे ना, बाबा,” लेक हेडफोन काढत म्हणाली. “माझ्यानं नाही होणार. तिकीट खिडकी काही वाईट नसते.” तिचा आवाज बसला होता. टॉवरकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण तसं करायची त्यांना सवय नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी टॉवरकाका नेहमीच्याच वेळेला उठले. पण घड्याळ बरोबर लावलेलं असल्यामुळे घरात एक घोटाळा झाला होता. काकूंनी काट्यांकडे बघून सवयीनं दहा मिनिटं वजा केली होती आणि अजून भरपूर वेळ आहे अशा समजुतीत त्या सावकाश आवरत होत्या. टॉवरकाका झोपण्याच्या खोलीच्या दारापर्यंत आले तेव्हा काकू हॉलमध्ये स्टुलावर उभ्या होत्या.

त्यांनी ते पितळी यंत्र खिळ्यावरून काढून पालथं धरलं होतं. दुसऱ्या हातात शिलाई मशीनचा बारका स्क्रू-ड्रायव्हर होता. कपडे वाळतील की नाही हे बघावं, तसं त्यांनी मान वळवून खिडकीतून आभाळाकडे बघितलं. जरा विचार केला. मग यंत्राच्या पाठीवरच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून किंचित फिरवला, यंत्र उलटून काटा पाहिला, मनाला पटलं नाही म्हणून थोडा मागे घेतला. काच फडक्यानं पुसली, यंत्र परत खिळ्याला लावलं, आणि भिंतीला धरत, दुखरा गुडघा सांभाळत खाली उतरल्या.

टॉवरकाका दाराआडच उभे राहिले. त्यांना ती वादळाची संध्याकाळ आठवली. निवृत्तीनंतरच्या वर्षातली. बाहेर झाडं मोडून पडत होती आणि काटा मात्र जागचा हलत नव्हता. त्यांनी टकटक करून करून बोट दुखवून घेतलं होतं. ‘टॉवरमधून निघाला आणि मेला,’ असं ते म्हणाले होते, आणि ते काट्याबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा हलला होता. त्यांनी आनंदानं घर डोक्यावर घेतलं होतं. काकू तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, “किती आहे हो आज?”

म्हणजे तेव्हापासून. रोज सकाळी.

आधी त्यांना राग आला. मग लाज वाटली. आल्या-गेल्याला त्यांनी ते यंत्र दाखवलं होतं, ‘याचा शब्द म्हणजे शब्द’ म्हणून सांगितलं होतं, आणि त्या वेळी काकू शेजारी उभ्या राहून मान डोलावत होत्या. चूक दिसली की तोंडावर बोलायचं, हा नियम त्यांनी आदल्याच दिवशी घालून दिला होता. ते बोलायला पुढेही झाले. पण काकू स्टूल उचलून आत नेत होत्या आणि एका पायावर जपून भार देत होत्या, हे बघून ते मागे वळले. हिनं नुसत्या आभाळाकडे बघून अंदाज केला होता, रोज, मनापासून. आणि तीनशे फुटांच्या आत होती. यंत्राशिवाय इतक्या जवळ टॉवरमधलाही कुणी आला नसता.

त्यांनी तोंड धुतलं, हॉलमध्ये आले, टकटक केली. “एक हजार अठरा.”

“वाढलाय का हो?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“हो. जरा वाढलाय.”

मग ते मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि हवामान खात्याचा आकडा उघडला. एक हजार आठ. दहा आकड्यांचा फरक. दहा आकड्यांचे तीनशे फूट होतात, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की केंद्रात हवामान खात्याचाच आकडा देतात, तेव्हा आपणही सराव त्याच्यावर करायचा. भिंतीवरचं यंत्र घरासाठी. काकू म्हणाल्या, “मला काय, तुम्ही सांगाल तो टाइप करते.” लेकीनं हुकूम दिला. विमान उतरत आलं, हळू झालं, आणि बरोबर चार हजार फुटांवर थांबलं.

“थांबलं का?” ओट्याजवळून प्रश्न आला.

“थांबलं,” टॉवरकाका म्हणाले.

“स्टॅबिलायझर मुरायला वेळ लागतोच,” फेजकाका म्हणाले. टॉवरकाकांनी त्यांचं श्रेय त्यांना घेऊ दिलं.

लेक मात्र वळून बापाकडे बघत होती. “बाबा, चूक कशात होती?”

“माझ्यात,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून सहजी निघालेला नव्हता. “मी वैमानिकाला दाबाचा चुकीचा आकडा देत होतो.”

“तुम्ही?”

“मी. आणि तू रोज बघत होतीस. विमान ठरल्यापेक्षा खाली दिसलं, की पहिला प्रश्न तो विचारायचा. दाब कोणता लावलाय? समोर मी असलो तरी विचारायचा.”

परीक्षेच्या दिवशी ते केंद्राच्या आवारातल्या बाकावर बसून राहिले. आत जायची परवानगी नव्हती. आपण इथे कोण होतो ते पहारेकऱ्याला सांगावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण ते बसून राहिले. दुपार कलता कलता लेक बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

“एक विमान खाली जाऊन थांबलं, बाबा. तीनशेच फूट. त्यांनी मुद्दाम तसं करायला लावलं होतं.”

“मग?”

“मी बोलले. म्हटलं, तुमची उंची कमी दिसतेय, दाब कोणता लावलाय तो तपासा. पलीकडचा माणूस आकडे चाळायला लागला. मग म्हणाला, चूक झाली, दुरुस्त करतो.” ती हसायला लागली आणि तिचे डोळे भरून आले. “मला काही मोजावंच लागलं नाही. ते विमान माझ्या रोजच्या ओळखीचं होतं.”

टॉवरकाकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. लेक पास झाली, हे त्यांना तिनं घरी जाताना वाटेत सांगितलं, कारण ते आधी सांगायला ती विसरली होती.

त्या आठवड्यात टॉवरकाकांनी सेक्रेटरींकडे रीतसर अर्ज दिला. कारण म्हणून त्यांनी लिहिलं होतं, ‘भिंतीवरील यंत्राची उंची कमी करणे.’

“किती कमी करायची?” सेक्रेटरींनी विचारलं.

“दीड फूट.”

“काही बिघाड?”

“बिघाड नाही. ते बरोबर उंचीवर नव्हतं.”

शनिवारी मंजुरी मिळाली. टॉवरकाकांनी जुना खिळा काढला, भिंतीवर हात ठेवून नीट अंदाज घेतला आणि नवा खिळा ठोकला. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या.

“अहो, वरच बरं दिसत होतं की ते. आता तुम्हाला वाकून बघावं लागेल.”

“वर असलं की मला वाचायला त्रास होतो,” टॉवरकाका म्हणाले. “आणि ते स्टूल मी मागच्या खोलीत टाकलंय. त्याचा एक पाय डगमगतो.”

काकूंनी खिळ्याकडे बघितलं. तो त्यांच्या हाताच्या उंचीवर होता. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. टॉवरकाका हातोडी पुसत होते, आणि हातोडी पुसायला इतका वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ते जागे झाले तरी पडून राहिले. हॉलमधून बारीकशी करकर ऐकू आली, मग काचेवरून फडकं फिरल्याचा आवाज, मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली. तेव्हा ते उठले. तोंड धुऊन यंत्रासमोर आले, कमरेत वाकले आणि टकटक केली.

“किती आहे हो आज?”

“एक हजार चार,” ते म्हणाले. “बराच उतरलाय.”

“वाटलंच मला,” काकू आतून म्हणाल्या. “आभाळ भरून आलंय.”